यावलकडे शेतात ४० फुटी टॉवर उभा करायचाय, काळ्या मातीत टिकेल का?

केळीवाला_यावल
नमस्कार मंडळी, आत्ताच हॅम (हौशी) रेडिओची रिस्ट्रिक्टेड ग्रेड परीक्षा पास झालोय, व्हीयू३ कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) हातात आलाय आणि आता अँटेनाचा किडा चावलाय. गावातल्या एका केबलवाल्याकडे जुना तिकोनी जाळीचा टॉवर पडलाय, ४० फूट, भंगारच्या भावात देतो म्हणतो. ७ मेगाहर्ट्झवर बोलायचंय, जमलं तर १४ वर पण. घर एकमजली स्लॅबचं आहे, मागे लगेच आमची केळी. टॉवर स्लॅबवर ठेवू की शेतात? वडील म्हणतात मे-जूनच्या वादळात केळीची बागच्या बाग झोपते तिथं तुझा टॉवर काय उभा राहणार, आणि खरं सांगायचं तर मला उत्तर देता आलं नाही. शेजारचे काका तर म्हणताहेत टॉवरमुळे वीज ओढली जाईल. जाणकारांनी सांगा.

धुळेकर_जुना
अभिनंदन भाऊ. पण टावरना नाद भलता वाईट शे, आधी तो भंगारवाला विचार डोक्यातून काढा. जाळीच्या टॉवरचा गंज बाहेरून दिसत नाही, पाइपच्या आतून खातो, खालचा तुकडा हातोडीने ठोकून बघा, बद्द आवाज आला की सोडून द्या. चढायचं तुम्हालाच आहे ना त्याच्यावर.

आणि ४० मीटर बँडसाठी (म्हणजे तुमच्या ७ मेगाहर्ट्झसाठी) तुम्हाला ४० फूट लागतच नाही. एका खांबावर मध्यभागी ३०-३५ फुटांवर इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्ही आकाराची वायरची अँटेना) टांगा, दोन्ही टोकं खाली तिरकी. त्या उंचीवर सिग्नल बराचसा सरळ वर जाऊन परत खाली येतो, म्हणजे दिवसा नाशिक, पुणे, नागपूर ही मंडळी आरामात मिळतात. १४ मेगाहर्ट्झला ३३ फूट म्हणजे अर्धी तरंगलांबी झाली, परदेशी स्टेशनांसाठी पण वाईट नाही.

माप: १४३ भागिले मेगाहर्ट्झ, म्हणजे ७.१ ला एकूण साधारण २०.१ मीटर. प्रत्येक बाजू १०.३ ठेवून सुरुवात करा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळली ते सांगणारा आकडा, कमी तेवढा चांगला) बघत थोडी थोडी कापत या. घरगुती वायरिंगची अडीच स्क्वेअरची वायर चालते, पण पीव्हीसीमुळे दोन-तीन टक्के आखूडच निघते, म्हणून आधीच कापून मोकळे होऊ नका.

भुसावळ_सिग्नल
धुळेकरांशी सहमत, फक्त स्लॅबबद्दल जोडतो. स्लॅबवर ठेवायचंच असेल तर पाया कॉलमच्या डोक्यावर, मधोमध नाही, आणि ताणाच्या तारा कठड्याला अजिबात बांधू नका. चार इंची विटांचा कठडा वादळात ताराच घेऊन खाली येतो.

शेत जास्त चांगलं, पण खरी अडचण खांब नाही, अँकर (ताणाच्या तारा जमिनीत धरून ठेवणारा) आहे. आपली तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी तडकते आणि पहिल्या पावसात फुगते. नुसता अँगल ठोकलात तर मे महिन्यात तो भेगेतच उभा असतो आणि वादळ नेमकं तेव्हाच येतं. चार-पाच फूट खड्डा घ्या, तळाशी आडवा लोखंडी तुकडा टाकून त्याभोवती काँक्रीट, त्याला जोडलेला रॉड तारेच्याच तिरकसपणात बाहेर काढा आणि वर भरताना काळी माती नको, मुरूम आणून ठोका. जागा शक्यतो बांधावर, ड्रिपच्या ओळीत नाही, तिथली माती वर्षभर ओली आणि मऊ.

तीन दिशांना १२० अंशांवर तारा, खांबापासून अंतर उंचीच्या ६० ते ८० टक्के, म्हणजे ३५ फुटांसाठी २१ ते २८ फूट. दोन लेव्हल करा, एक वरच्या टोकाजवळ आणि एक मधे. जास्त ताणू नका, खांब वाकवाल. स्टील वायर घेतली तर टोक दुमडून आवळायला यू-क्लिप तीन-तीन, खोगीर नेहमी ताण येणाऱ्या तारेवर आणि यू-बोल्ट कापलेल्या टोकाच्या बाजूला, उलटं लावलं की मुख्य तारच चेपते. मधे अंडाकृती चिनी मातीचे इन्सुलेटर टाका. दोरी वापरणार असाल तर पॉलिएस्टरची, ती शेतीसामानाच्या दुकानातली पिवळी दोरी आपल्या ४५ डिग्रीच्या उन्हात सुतळीसारखी तुटते.

केळीवाला_यावल
एवढं कोणी सांगितलं नव्हतं, धन्यवाद दादा. मग टॉवर रद्द, वडील खुश. माझ्याकडे बोअरवेलचे दोन जीआय पाइप आहेत, २० फुटी, एक दोन इंची एक दीड इंची. आणि घरापासून खांब साधारण १०० फूट पडेल, केबलवाल्याची आरजी-६ (टीव्हीची केबल) चालेल का? फुकट मिळतेय.

धुळेकर_जुना
पाइप उत्तम. दोन इंचीत दीड इंची जरा ढिला जातो, पत्र्याची पट्टी गुंडाळून आरपार बोल्ट टाका, तीन फूट आत राहू द्या म्हणजे ३७ फूट झाले. (दीड इंचीत सव्वा इंची बसेल असं समजून लोक पाइप घेतात आणि मग दुकानात भांडतात.) खाली दोन चॅनलमधे बोल्टवर कबज्यासारखं करा म्हणजे खांब झोपवता येतो, वर चढायचं कामच नाही. उभा करताना मात्र चार माणसं, दोन्ही पाइपचं वजन पन्नास किलोच्या वर जातं. आणि सगळ्यात आधी ११ केव्हीची लाईन बघा, खांब कुठल्याही बाजूला पडला तरी तारेपर्यंत पोचायला नको. यात तडजोड नाही.

आरजी-६ ने काम होईल, ७५ ओहम आहे म्हणून एसडब्ल्यूआर थोडा वर दिसेल एवढंच. पण तिची ॲल्युमिनियमची जाळी डाग धरत नाही, क्रिंप कनेक्टरच लागतील. रेडिओच्या बारीक आरजी-५८ केबलला १०० फुटात ७ मेगाहर्ट्झवर एक-सव्वा डीबी (सिग्नलच्या घटीचं माप) जातो, जाड आरजी-२१३ ला त्याच्या निम्मा.

रावेर_एफएम
केळीवाल्यांसाठी एक: वायरची टोकं दहा फुटांच्या वर ठेवा. टोकाला व्होल्टेज जास्त असतं, माणसाचा-बैलाचा हात लागायला नको, आणि ओली पानं टोकाला घासली की ट्यूनिंग सरकतं, मग रात्री एसडब्ल्यूआर का वाढला म्हणून डोकं खाजवत बसता. सोलर पंपाचा कंट्रोलर जवळ असेल तर दिवसा भयंकर खरखर येते, केबल त्यापासून लांब ओढा.

टोकाच्या इन्सुलेटरला ड्रिपच्या १६ एमएम नळीचे तुकडे वापरा, काळी असते, उन्हाला टिकते. मधल्या, वायर आणि केबल जोडायच्या डब्याला खालून एक बारीक भोक ठेवा, नाहीतर आत पाणी साचतं.

भुसावळ_सिग्नल
वीज ओढण्याबद्दल काकांना सांगा, खांब नीट अर्थ करा आणि तोच अर्थ घराच्या अर्थिंगला जोडा, वेगळा सोडू नका. केबल घरात शिरते तिथे गॅस ट्यूबचा अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारा). आणि ढग दिसले की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर टाकायची, अरेस्टर असला तरी.

तारांचा ताण मेच्या सुरुवातीला एकदा आणि पाऊस सुरू झाल्यावर एकदा तपासा, माती फुगली की बदलतोच.

केळीवाला_यावल
तारांचा ताण कमी-जास्त करायचे टर्नबकल कुठे मिळतील? यावलला हार्डवेअरवाला माझ्याकडे बघतच राहिला.

धुळेकर_जुना
जळगावला वायर रोप विकणाऱ्याकडे. गॅल्व्हनाइज्ड घ्या, बंद डोळ्याचे, उघड्या हुकचे नको. ताण बसल्यावर मधून तार ओवून बांधा, वाऱ्याने आपोआप सैल होतात.