मदत हवी आहे: जेलीफिन की प्लेक्स? (फोंडा-मडगाव)

नमस्कार मंडळी. घरच्या पीसीवरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणाऱ्या या दोन सॉफ्टवेअरपैकी एक निवडायचं आहे. फोंड्यात इंटेल एन१०० मिनी पीसी, ४ टीबी डिस्क; त्यात सिनेमे आणि नाटकांची जुनी रेकॉर्डिंग्ज. घरच्या टीव्हीवर ट्रान्सकोडिंग (व्हिडिओ टीव्हीला किंवा नेटला झेपेल अशा रूपात बदलणं) लागतच नाही, तिथे दोन्ही सारखेच.

घोळ आहे तो मडगावला आईबाबांकडे बघण्याचा. आमचं कनेक्शन सीजीनॅटमागे (एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला), म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग करून बाहेरून थेट जोडणं बाद. प्लेक्सचा रिले (त्यांच्या सर्व्हरमार्गे जोडणी) आपोआप जोडतो, पण प्लेक्स पास हे सशुल्क सदस्यत्व घेऊनही २ एमबीपीएसच, १०८०पी विसरा. शिवाय २०२५पासून घराबाहेर बघायला पैसे. जेलीफिनमध्ये क्विक सिंक (इंटेल चिपवरचं वेगवान ट्रान्सकोडिंग) मोफत, मात्र सोबत टेलस्केल (दोन घरं जोडणारं खाजगी व्हीपीएन) हवं, आणि आईबाबांच्या वेबओएस (एलजी) टीव्हीसाठी टेलस्केलचं ॲप नाही.

मग अँड्रॉइड टीव्हीची स्टिक लावून त्यावर टेलस्केल आणि जेलीफिन टाकावं, की आयपीव्ही६ने (नव्या प्रकारचा आयपी पत्ता, ज्याला सीजीनॅट लागत नाही) थेट जोडावं? लाईट जाऊन आल्यावर स्टिकवरचं टेलस्केल आपोआप सुरू होतं का? पावसाळ्यात कळीचा प्रश्न तोच. आईबाबा सेटिंग्जमध्ये शिरणार नाहीत.