आधी 'गेला' म्हणायची, आता 'जाला'!

लेक अडीच वर्षांची. महिन्यापूर्वीपर्यंत 'बाबा गेला', 'मी केलं' नीट म्हणायची. आता 'बाबा जाला', 'मी करलं'! बोलणं मागे पडतंय का? फार काळजी वाटते.

उत्तर १: उलट पुढे जातंय. आधी ऐकलेलं जसंच्या तसं म्हणायची. आता 'बसला', 'हसला' ऐकून नियम तिचा तिने शोधलाय. १९५८ साली भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना 'वग' नावाचा काल्पनिक प्राणी दाखवला. कधीच न ऐकलेल्या त्या शब्दाचं अनेकवचनही बहुतेकांनी बरोबर केलं!

उत्तर २: माझा मुलगा कितीतरी दिवस 'येला' म्हणायचा. टोकू नका. 'हो, बाबा गेला' एवढंच सहज म्हणा. येत असलेले शब्दच गळू लागले तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

प्रश्नकर्ती: आत्ताच म्हणाली, 'चिऊ जाली.' म्हटलं, 'हो गं, गेली.'