चार फुटांची टाकी आणि तीन फुटांचा शिकारी: हौस की हट्ट?

पाणवठा
अरोवाना या शिकारी माशाचं दहा सेंटिमीटरचं पिल्लू चार फुटी टाकीत सोडलं की टाकी रिकामी वाटते, आणि घोळ इथेच होतो. सिल्व्हर अरोवाना नदीत ९० सेंमीपर्यंत वाढतो, टाकीत नीट पोसला तर ६० ते ७५. एक वर्ष होईतो फूटभर सहज होतो. ४ × १.५ × १.५ फुटांच्या टाकीत काठोकाठ भरलं तरी पाणी जेमतेम २५० लिटर आणि रुंदी ४५ सेंमी. म्हणजे त्याला प्रत्येक वळणावर अंग दुमडायचंय, तेही आयुष्यभर. रेडटेल कॅटफिश तर मीटरच्याही पुढे जातो. अ‍ॅलिगेटर गारचं काय सांगावं! २०११ साली अमेरिकेत मिसिसिपी राज्यात एक जाळ्यात सापडला, तो ८ फूट ५ इंच आणि १४८ किलोचा होता. पिल्लू मात्र वीतभरच दिसतं.

माझं मत साधं आहे: पूर्ण वाढीला पुरेल ती टाकी आधी, मासा नंतर. ‘पुढे मोठी घेऊ’ ही सबब मला मान्य नाही.

खवलेवाला
असहमत. इवलंसं पिल्लू अजस्र टाकीत सोडलं की त्याने खाल्लं की नाही, तेच कळत नाही. सुरुवातीला लहान टाकी ही सोय आहे, लबाडी नव्हे. दुसरं, सगळे शिकारी सारखे पोहत नाहीत. अरोवाना पाण्याच्या वरच्या थरात सतत फेऱ्या मारतो, तर मरळीच्या कुळातले बरेचसे दबा धरून बसतात. फूटपट्टी लावून सगळ्यांना एकच नियम कसा लावणार? ऑस्कर हा शिकारी मासा एकटा ठेवला तर ३०-३५ सेंमीचा होतो आणि चार फुटीत, रुंदी बरी असेल तर, व्यवस्थित जगतो. तोही तुमच्या लेखी गुन्हाच का?

शेवाळी
पण मासा टाकीच्या मापानेच वाढतो ना? सगळे तसंच सांगतात.

गाळउपशा
शेवाळीताई, सगळे सांगतात आणि सगळे चुकतात. वाढ खुंटते हे खरं, पण ती टाकीचं माप बघून नाही, तर साठलेल्या घाणीने आणि निकृष्ट खाण्याने. पाठीचा कणा वाकतो, अंगाच्या मानाने डोळे मोठे दिसू लागतात. ते आजारपण आहे. त्याला ‘जुळवून घेतलं’ म्हणू नये.

नायट्रेटनाना
लांबीरुंदीवर सगळे भांडतात, पाण्यावर कोणी बोलत नाही. अंगाची ठेवण तीच धरली तर लांबी सातपट (दहा सेंमीची सत्तर) झाल्यावर वजन ३४३ पट होतं. पाणी मात्र तेच २५० लिटर.

माशाच्या घाणीतून विषारी अमोनिया येतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट टाकीतच साठतं, पाणी बदलल्याशिवाय जात नाही. वर या कामात पाण्यातले, आम्लाला आवर घालणारे कार्बोनेट खर्च होत जातात. ते संपत आले की पीएच घसरतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होतं, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया तुंबतो. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा): आम्लधर्मी पाण्यात हा अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो, आणि ते फारसं विषारी नसतं. मासा तग धरतो, मालकाला वाटतं सगळं आलबेल. मग एखाद्या रविवारी मालक जोशात येतो आणि अर्ध्याहून जास्त पाणी एकदम बदलतो. पीएच वर चढतो, अमोनियमचा पुन्हा अमोनिया होतो आणि संध्याकाळपर्यंत मासा उताणा. खापर फुटतं नव्या पाण्यावर.

खवलेवाला
नाना, रसायन मान्य, पण ३४३चा आकडा घाबरवायला वापरू नका. मोठा मासा वजनाच्या मानाने पिल्लापेक्षा कमी खातो. घाण ३४३ पट होत नाही, फार तर ८० ते १०० पट.

नायट्रेटनाना
बरं, ८० धरा. फिल्टर ८० पट करणार आहात का?

तिरकी शेपटी
खाण्याचा विषय निघालाच आहे तर: जिवंत गोल्डफिश घालणं बंद करा. त्यात थायमिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं. रोज तेच खाणारा शिकारी हळूहळू आजारी पडतो. बाहेरून आणलेल्या माशांबरोबर परजीवी येतात ते वेगळंच. पेलेटची (तयार दाणेदार खाद्याची) सवय पिल्लूपणीच लावावी. आणि अरोवानाच्या टाकीवरचं झाकण जड हवं. फांदीवरचा किडा उडी मारून टिपणारा मासा आहे तो.

खवलेवाला
पेलेटबद्दल +१. पण मूळ मुद्दा तोच राहतो. टाकी पुरेनाशी झाली तर मासा दुसऱ्या हौशी माणसाला देता येतो.

गाळउपशा
देता येतो? फूटभराचा रेडटेल घ्यायला कोण पुढे येतं, ते एकदा विचारून बघा. सार्वजनिक मत्स्यालयंही सहसा नकोच म्हणतात, त्यांच्याकडे असे मासे आधीच असतात. मग नदी नाहीतर तळं दिसू लागतं. २००२ साली अमेरिकेत मेरीलँडमधल्या क्रॉफ्टनच्या तळ्यात नॉर्दर्न स्नेकहेड (मरळीच्या कुळातलेच शिकारी मासे) सापडले. कोणीतरी विकत घेतलेली जोडी तिथे सोडली होती. शेकडो पिल्लं झाली. शेवटी रोटेनोन हे विष टाकून तळ्यातले मासे मारावे लागले, त्यात तिथले मूळचेही गेले.

पाणवठा
शिकार बघायची हौस असेल तर बुटके शिकारी आहेतच. मरळीच्या कुळातला चन्ना ब्लेहेरी वीतभराचा, आफ्रिकन बटरफ्लाय मासा त्याहून लहान. चार फुटीत त्यांना मोकळं वाटतं.

खवलेवाला
बटरफ्लाय बघून अरोवानाची तहान भागत नाही हो. आणि ‘आधी टाकी’ म्हणणाऱ्यांनी हिशोबही पुरा मांडावा. ८ × ३ × २.५ फूट म्हणजे १७०० लिटर, नुसतं पाणीच १.७ टन. काच आणि स्टँड वेगळे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला तुम्ही काय सांगणार?

पाणवठा
स्लॅब किती भार घेईल ते आधी इंजिनिअरला विचारा, हे सांगणार. तो नाही म्हणाला तर ऑस्कर पाळा. ऑस्करला माझा विरोध नव्हताच.