विषय: शब्दांच्या फाइलमधला मराठी रकाना कोणी काढला?

प्रेषक: छोटी

काल रात्री अकरा वाजेपर्यंत तो होता, मी स्वतः बघितला आहे. आज सकाळी फाइल उघडली तर शब्द, इंग्रजी अर्थ आणि वाक्य एवढंच उरलंय. जीआरई (परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) पाच आठवड्यांवर आली आहे आणि ‘एम’ ते ‘आर’ हा सगळा भाग मी मराठी अर्थांवरच पाठ करत होते. माझ्याकडे वेगळी प्रत नाही. ज्यांनी काढला असेल त्यांनी कृपया आजच परत टाका.

प्रेषक: ताई (शनिवारचा वर्ग)

छोटी, मी काढला. काढणार हे गेल्या शनिवारी वर्गात सांगितलं होतं, तू नव्हतीस.

सरावाला एक वाक्य दिलं होतं. समीक्षकाने कादंबरीची स्तुती केली, पण ती स्तुती ‘क्वालिफाइड’ होती, म्हणून लेखिकेला पुरतं समाधान लाभलं नाही. सहापैकी पाच जणांनी अर्थ लावला, ‘पात्र माणसाने केलेली स्तुती’. मग लेखिका नाराज का झाली, हे कोणाला सांगता येईना. फाइलमध्ये त्या शब्दासमोर ‘पात्र ठरणे’ एवढंच होतं. या वाक्यात त्याचा अर्थ आहे हातचं राखून केलेली स्तुती. ‘सँक्शन’समोर ‘मंजुरी’ होतं, पण निर्बंध किंवा शिक्षा हा त्याचा दुसरा अर्थ नव्हता. ‘पार्शल’समोर ‘अर्धवट’, पक्षपाती कुठेच नाही. हे शब्द मुलांना आधीपासून येतात, म्हणूनच तिथे घात होतो. अनोळखी शब्दापाशी माणूस निदान थबकतो तरी.

प्रेषक: अप्पा

तो रकाना मी भरला आहे. दोन हिवाळे रोज रात्री बसून भरला आहे. वर्गात सांगितलं असेल, मला कोणी विचारलं नाही.

‘क्वालिफाय’चं चुकलं असेल तर ती ओळ दुरुस्त करा. एका ओळीसाठी अख्खा रकाना पुसायचा? ‘प्रिव्हॅरिकेट’चा इंग्रजी अर्थ पोरं दहा वेळा वाचतात आणि अकराव्या वेळी विसरतात. ‘उडवाउडवीची उत्तरं देणे’ म्हटलं की विषय संपला. ‘कॅप्शस’ म्हणजे खुसपटं काढणारा. ‘ऑबसीक्विअस’ म्हणजे हांजी हांजी करणारा. ‘टॅसिटर्न’ म्हणजे घुमा. ‘व्हॅसिलेट’ म्हणजे धरसोड करणे. यातला एक तरी अर्थ चुकीचा आहे का, ते सांग. आम्ही परीक्षा दिली तेव्हा विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनॉलॉजी, म्हणजे शब्दांच्या जोड्या जुळवणं, असायच्या. समोर एकटा शब्द, मागेपुढे वाक्य नाही. तिथे मराठी अर्थच धावून आला.

प्रेषक: दादा

अप्पा, ते दोन्ही प्रकार ऑगस्ट २०११ पासून बंद झाले. आता एकटा शब्द कधीच समोर येत नाही. रिकाम्या जागा असलेलं वाक्य येतं, नाहीतर उतारा. आणि सप्टेंबर २०२३ पासून परीक्षाही आखूड झाली आहे. व्हर्बलचे, म्हणजे भाषेच्या विभागाचे, दोन भाग, पहिल्यात १२ प्रश्न १८ मिनिटांत, दुसऱ्यात १५ प्रश्न २३ मिनिटांत. म्हणजे सगळे मिळून २७. पहिला भाग कसा गेला त्यावर दुसरा किती कठीण येणार ते ठरतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे कोणी जागा कोरी सोडू नका.

माझी गेल्या वर्षीची चूक सांगतो. एका रिकाम्या जागेसाठी सहा पर्यायांतून सारख्या अर्थाचे दोन निवडायचे तो प्रकार. सरावात सहाही शब्दांचे अर्थ मला पाठ होते. दोन एकमेकांचे सख्खे भाऊ दिसले, लगेच टिचकी मारली. उत्तर चूक. ते दोघं समानार्थी होतेच, पण वाक्याच्या सुरुवातीला ‘जरी’ होतं आणि त्यामुळे वाक्य उलटं फिरलं होतं. हे एकदा नाही, आठवडाभर होत राहिलं. शेवटी मी पर्याय हाताने झाकून आधी स्वतःचा शब्द वाक्यात घालायला लागलो. माझा शब्द बहुतेक वेळा मराठीच यायचा, हेही सांगायला हवं. मग हात काढून त्याच्याशी जुळणारे दोन शोधायचे. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. तीन जागांच्या प्रश्नात तर तिन्ही बरोबर आल्या तरच गुण मिळतो, दोन बरोबर येऊन काही उपयोग नाही.

प्रेषक: माई

दादाने पर्याय हाताने झाकायचं सांगितलं ते मला फार पटलं. मराठी शाळेतही मी मुलांना गाळलेल्या जागा अशाच भरायला लावते.

छोटी, एक सोपी वाट सांगू? आपल्याला संस्कृत शब्दांची सवय आहे, तिचा फायदा घे. ग्रीकमधला ‘यू’ म्हणजे आपला ‘सु’, आणि ‘डिस’ म्हणजे ‘दुस्’. ‘युफनी’ म्हणजे सुस्वर. ‘अ‍ॅग्नॉस्टिक’मधलं ‘ग्नो’ आणि आपलं ‘ज्ञा’ एकाच मुळातले, पुढचा ‘अ’ नकाराचा, ‘अज्ञ’मधल्यासारखा. ‘पेडेस्ट्रियन’मध्ये पाद आहे, ‘मॉर्टल’मध्ये मृत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळातून आल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली मांडलं होतं. असे वीस-पंचवीस धातू पक्के केलेस तर शेकडो शब्द ओळखीचे वाटतील.

प्रेषक: ताई (शनिवारचा वर्ग)

माई, धातूंचं सत्र वर्गात दुसऱ्याच आठवड्याला होतं, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. ‘दुस्’शी नातं आहे ते ‘वाय’ने लिहिलेल्या ‘डिस’चं. ‘आय’ने लिहिलेला ‘डिस’ लॅटिनचा आहे, तो वेगळा. ‘डिसइंटरेस्टेड’मध्ये वाईट काही नाही, ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा निःपक्षपाती माणूस. आणि ‘पेडिअ‍ॅट्रिक’मध्ये पाय नाही, तिथे ग्रीकमधलं मूल आहे. ‘पेडेस्ट्रियन’चा पादचारी हा अर्थ तर सगळ्यांना येतो. परीक्षेत तो येतो ‘रटाळ, सामान्य’ या अर्थाने.

‘एनर्व्हेट’ला दर वर्षी निम्मा वर्ग पडतो. ऐकायला ‘एनर्जी’सारखा, म्हणून सगळे ‘उत्साह भरणे’ लिहितात. अर्थ नेमका उलटा, गलितगात्र करणे. धातू ओळखीपुरता बरा. त्याच्या भरवशावर उत्तर देऊ नका.

प्रेषक: माई

‘वाय’ आणि ‘आय’चं मान्य. मी घाईत लिहिलं. पण ‘एनर्व्हेट’मध्ये धातूचा दोष नाही ग. लॅटिनमध्ये ‘नर्व्हस’ म्हणजे स्नायू, आणि सुरुवातीचा ‘ए’ म्हणजे बाहेर. अंगातला स्नायूच काढून घेतला, मग माणूस गलितगात्र होणारच. धातू अर्धा शिकला की फसवतो, पूर्ण शिकला की चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं.

प्रेषक: ताई (शनिवारचा वर्ग)

हे मला माहीत नव्हतं. शनिवारी सांगते, तुमच्या नावाने.

प्रेषक: छोटी

सगळं उपयोगाचं आहे, पण रकाना?

प्रेषक: नाना

फाइल माझ्या खात्यावर आहे, म्हणून बघितलं. कालची आवृत्ती जशीच्या तशी परत आणता येते. अडचण अशी की ताईने आज सकाळपासून ९० नवी वाक्यं टाकली आहेत, ती सगळी जातील. तेव्हा कालच्या आवृत्तीची वेगळी प्रत काढून ‘अप्पांचा रकाना’ या नावाने बाजूला ठेवतो. छोटीने तूर्त ती वापरावी. मूळ फाइलला कोणी हात लावू नका, दोन दिवस कुलूप.

पाठांतराची फाइल असली तरी ती फक्त वाचू नकोस. माझ्या मुलीने बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले होते. लाइटनर नावाच्या लेखकाने १९७२ साली सांगितलेली पद्धत. आलेला शब्द पुढच्या कप्प्यात, चुकलेला थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे दिवसेंदिवस उशिरा. माणूस किती भरभर विसरतो हे एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच दाखवलं होतं. विसरायला आलेल्या घडीला आठवायला लावलं की शब्द टिकतो. फोनवरचं अँकी नावाचं अ‍ॅप हेच काम आपोआप करतं, पण तिने हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्याच वापरल्या.

प्रेषक: अप्पा

नाना, आभार. पण चिठ्ठीच्या मागे काय लिहायचं, हे अजून ठरलं नाही. वाद तोच होता.

प्रेषक: दादा

पुढे शब्द नको, पुढे वाक्यच, त्यात जागा रिकामी. मागे शब्द, त्याखाली मराठी. एका शब्दाची दोन रूपं असतील तर दोन चिठ्ठ्या. ‘टेम्पर’ राग, आणि ‘टेम्पर’ सौम्य करणे.

प्रेषक: ताई (शनिवारचा वर्ग)

हे मला चालेल. मराठी असावं, पण त्या वाक्यातलं असावं. अप्पा, तुम्हाला न विचारता काढला हे चुकलंच. अर्थ चुकीचे नव्हते. काही ठिकाणी एकच दिला होता, एवढंच माझं म्हणणं. ज्यांना दुसरा अर्थ हवा असे ६० शब्द मी पिवळे करून ठेवते, तुम्ही भराल का? तुमच्यासारखं मराठी मला सुचत नाही. ‘इक्विव्होकेट’साठी कालपासून अडले आहे. ‘संदिग्ध बोलणे’ लिहिलं, पण त्यात लबाडी येत नाही. मंत्र्याला थेट प्रश्न विचारला आणि त्याने दोन्हीकडून अर्थ निघेल असं उत्तर दिलं, असं वाक्य आहे.

प्रेषक: अप्पा

नरो वा कुंजरो वा करणे.

बाकीचे पाठव. रविवारपर्यंत देतो.

प्रेषक: छोटी

अप्पा, ‘पी’पासूनचे आधी भराल का? मी तिथे आहे.