स्मृतिभ्रंश, चळ आणि वात

नागपुरात एमबीबीएसच्या पोरांना वॉर्डात हिस्टरी घ्यायला शिकवते. परवा एकाने उमरेडकडच्या माणसाला विचारलं, "तुमच्या वडिलांना स्मृतिभ्रंश कधीपासून आहे?" तो म्हणाला, "थे काय असते जी?" डिमेन्शियासाठी घराघरात कोणता शब्द चालतो?

प्रतिसाद १
'स्मृतिभ्रंश' गीतेतला (२.६३): क्रोधातून संमोह, त्यातून स्मृतिविभ्रम, मग 'स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो'. तिथे तो रागाचा परिणाम आहे, आजार नव्हे. शिवाय आजारात नुसती स्मृती जात नाही. शब्द सुचत नाहीत, रोजचा रस्ता चुकतो, पैशांचा हिशेब जमत नाही. 'बुद्धिभ्रंश' तर शिवीच वाटते. जपानने अशाच कारणाने 2004 मध्ये आजाराचं सरकारी नाव बदललं. जुन्या 'चिहो'त मूर्खपणाची छटा होती, आता 'निन्चिशो' म्हणतात.

प्रतिसाद २
आमच्या वऱ्हाडीत सरळ "बुढ्याले चळ लागला". तापात बरळला तर "वात झाला". दोन्ही वेगळे हं.

मूळ लेखिका
वेगळे आहेत, आणि हेच मला पोरांना सांगायचंय! एका बाबांची सून म्हणाली, "परवापर्यंत दुधाचा हिशेब चोख होता जी, काल रातीपासून बरळून रायले, वात झाला." पोराने केसशीटवर लिहिलं: 'वय 74, स्मृतिभ्रंश'. झालं! अहो, चळ महिन्या-वर्षांनी चढतो. वात एका रात्रीत येतो, घटकेत उतरतो, घटकेत चढतो. तो डिलिरियम. त्यामागे लघवीचं इन्फेक्शन, उतरलेलं सोडियम, नवीन सुरू केलेली झोपेची गोळी असं काहीतरी शोधायचं असतं. बाबांचं सोडियम उतरलेलं निघालं. तिसऱ्या दिवशी ते उठून खर्रा मागत होते. सुनेने निदान सांगितलंच होतं, आपण तिचा शब्द भाषांतर करताना हरवला. आता मी घरच्यांचा शब्द जसाच्या तसा, अवतरणात लिहायला लावते. (चळ लागलेल्यालाही वात होतो, आणि तेव्हाच तो हमखास नजरेतून सुटतो.)

प्रतिसाद १
पण डॉक्टरने स्वतः 'चळ' म्हणू नये. 'म्हातारचळ' म्हटलं की म्हातारपणी सुचलेले नको ते चाळे डोळ्यांपुढे येतात.

मूळ लेखिका
कबूल. बोलताना "विसर पडतो" पुरतं. आणि खाटेशी उभं राहून "यांना काही कळत नाही" तर मुळीच नको, आजी ऐकत असतात.

प्रतिसाद ३
"आजी, मला ओळखलं का?" हेही बंद करा बुवा. माझ्या आईला तो पेपर रोज द्यावा लागे, आणि रोज ती नापास. एक नर्सबाई मात्र यायच्या तशा सांगायच्या, "मी सिस्टर, बीपी पाहाले आली." आई लगेच हात पुढे करायची.