तेरच्या मूर्ती बाजूने बघा

'फोटो मोबाइलवर दिसतात, मग पोरांना संग्रहालयात कशाला न्यायचं?' हे पटत नाही. फोटो बहुतेक समोरूनच काढलेला असतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या लामतुरे संग्रहालयातल्या सातवाहनकाळातल्या पांढऱ्या केओलिनच्या (चिनी मातीच्या) मूर्ती बाजूने बघा. पुढचा नि मागचा भाग वेगवेगळ्या साच्यांत काढून जोडलेला, आतून पोकळ. कडेला सांधा शोधायचा. तो सापडला की 'पोकळ कशाला?' हा प्रश्न पोरंच विचारतात (भरीव माती भाजताना तडकते).

सहलीत बिघडतं ते रांगेमुळे. पन्नास पोरं एका दमात सगळी दालनं फिरली तर काहीच उरत नाही. पाच-सहा जणांचा गट, एकच वस्तू, दहा मिनिटं, कागद-पेन्सिल. आधी चित्र काढायचं, पाटी नंतर वाचायची. पाटी आधी वाचली की बघणं थांबतं.