मदत हवी आहे: अर्गचे ज्यूल करताना हिशोब जुळत नाही

हिशोबवाली

नमस्कार मंडळी,

मी वाणिज्य शाखेची, विज्ञान दहावीलाच सुटलं. पोटासाठी लोकांचे ताळेबंद जुळवते आणि हौस म्हणून एका छोट्या आकाशदर्शन गटात जाते. येत्या रविवारी गच्चीवर बोलायची पाळी माझी आहे, विषय सूर्य. आदित्य एल-१ वरची सूट दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेत घडली, तिथून सुरुवात करून सौरडाग आणि सौर ज्वालांपर्यंत जायचं ठरवलं होतं. गाडी आकड्यांवर अडली.

भाच्याने एमएस्सीच्या वह्या दिल्या, त्यात सगळं अर्ग या ऊर्जेच्या जुन्या एककात. मला कळतात वॉट आणि ज्यूल, म्हणजे बल्ब आणि गिझर. नववीच्या पुस्तकात १ ज्यूल = १०^७ अर्ग असं आहे (इथे घात वर चढवता येत नाहीत, १०^७ म्हणजे दहाचा सातवा घात समजून घ्या), म्हणून मी भागत सुटले.

पहिली गोची: वहीत लिहिलंय की पृथ्वीपाशी सूर्याची ऊर्जा दर सेकंदाला, दर चौरस सेंटीमीटरला १.३६ × १०^६ अर्ग येते. १०^७ ने भागलं, उत्तर ०.१३६. म्हणजे ०.१३६ वॉट? सूर्य? आमच्या जिन्यातला एलईडी ९ वॉटचा आहे हो.

दुसरी गोची: सौरडागातल्या चुंबकीय क्षेत्राची ऊर्जा. वहीतलं सूत्र 'बी वर्ग भागिले आठ पाय' (बी म्हणजे क्षेत्र, पाय म्हणजे वर्तुळाचा ३.१४). मोठ्या डागात क्षेत्र साधारण ३००० गॉस. १ टेस्ला म्हणजे १०,००० गॉस, म्हणून मी ०.३ टेस्ला घातले. ०.०९ भागिले २५.१३, उत्तर ०.००३५८. भाच्याने समासात पेन्सिलीने लिहिलंय, 'घनमीटरला ३५,८०० ज्यूल'. गंमत अशी की माझ्या उत्तराला १०^७ ने गुणलं तर अगदी तेच येतं!

म्हणजे एकीकडे १०^७ ने भागून चुकतंय आणि दुसरीकडे १०^७ ने गुणून बरोबर येतंय. माझ्या धंद्यात असं झालं की समजायचं दोन चुकांनी एकमेकींना झाकलंय. भाचा सध्या परदेशात, फोन उचलत नाही. कोणी सांगेल का नेमकं कुठे चुकतंय? आणि ज्यूल असताना ही मंडळी अजून अर्ग कशाला कवटाळून बसलीत?

घाईत_पुणेकर

सोप्पं आहे. अर्गचं ज्यूल करताना भागायचं, ज्यूलचं अर्ग करताना गुणायचं. दुसऱ्या गणितात तुम्ही उलट्या बाजूने गेलात, म्हणून गुणावं लागलं. बाकी ठीक.

लसावि

@घाईत_पुणेकर, नाही हो. त्यांना दुसऱ्या गणितात ज्यूलच हवे आहेत, मग गुणून कसं चालेल?

ताई, पहिल्या गोचीपासून. तुम्ही अर्गचे ज्यूल केलेत, पण चौरस सेंटीमीटर तसाच राहिला. ०.१३६ वॉट बरोबरच आहे, फक्त तो नखाएवढ्या जागेवर पडणारा आहे. एका चौरस मीटरमध्ये चौरस सेंटीमीटर १०,०००. गुणा: १३६०. कुठल्याही पुस्तकात सौर स्थिरांक बघा, १३६१ वॉट दर चौरस मीटर. गिझरच्या जवळपास आला की नाही?

हिशोबाच्या भाषेत, तुम्ही रुपयांचे डॉलर केले पण भाव किलोचा की क्विंटलचा ते बघायचं राहिलं. आकड्यामागे एकक पूर्ण लिहायचं आणि प्रत्येक तुकडा वेगळा बदलायचा. 'अर्ग, दर सेकंद, दर चौ. सेंमी' यातले दोन तुकडे बदलतात, सेकंद तसाच राहतो. निव्वळ गुणक १०^-३ उरतो. अर्गमधला आकडा हजाराने भागला की वॉट दर चौ. मीटर. एवढं पाठ करून ठेवा, रविवारी उपयोगी पडेल.

हिशोबवाली

अरे देवा. क्विंटलचा दाखला एकदम काळजात घुसला. माझ्याकडे अडत्यांची खाती आहेत, हीच चूक मी त्यांच्या पोरांना दाखवत असते.

आता दुसरी?

घाईत_पुणेकर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

जुना_मास्तर

दुसरीवर मी बोलतो. ३१ वर्षं कॉलेजात चुंबकत्व शिकवलंय, आणि दर वर्षी निम्मा वर्ग इथेच आपटायचा. तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

लांबी, वजन, काम यांत सीजीएस (सेंटीमीटर-ग्रॅम-सेकंद) पद्धतीतून एसआय (आजची मीटर-किलोग्रॅम-सेकंद) पद्धतीत जाताना फक्त आकडा बदलतो. चुंबकत्वात आणि विजेत सूत्रच बदलतं. 'बी वर्ग भागिले आठ पाय' हे सूत्र गॉसच्या घरचं आहे, त्यात टेस्ला घालायचाच नाही. गॉस घातलात तर उत्तर अर्ग दर घन सेंटीमीटर. ३००० चा वर्ग ९० लाख, भागिले २५.१३, म्हणजे ३ लाख ५८ हजार. आता लसावि म्हणतात तसे तुकडे बदला: अर्गसाठी १०^७ ने भागायचं, घन सेंटीमीटरसाठी १०^६ ने गुणायचं. एकूण दहाने भागा. ३५,८०० ज्यूल दर घनमीटर. तुमच्या भाच्याची पेन्सिल बरोबर आहे.

टेस्लाच घालायचा असेल तर सूत्र 'बी वर्ग भागिले दोन म्यू-शून्य'. म्यू-शून्य हा एसआयमधला चुंबकत्वाचा स्थिरांक, ४ पाय × १०^-७. मांडून बघा: खाली ८ पाय × १०^-७ आलं. म्हणजे तुमचंच उत्तर, वर १०^७ ने गुणलेलं. तुम्ही न कळत म्यू-शून्यातला १०^-७ वरखाली केलात. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं म्हणालात ते अगदी खरं.

हिशोबवाली

सर, कागदावर मांडलं, आलं. पण आता तर जास्तच खटकतंय. म्यू-शून्यातला १०^७ आणि अर्ग-ज्यूलमधला १०^७ सारखेच कसे? योगायोग आहे का? ताळेबंदात दोन वेगळ्या खात्यांत पैशासकट सारखी रक्कम दिसली तर मी दोन्ही व्हाउचर मागवते.

जुना_मास्तर

हा प्रश्न मला ३१ वर्षांत दोनच पोरांनी विचारला होता. योगायोग नाही, दोन्ही व्हाउचर एकाच पेढीची आहेत.

१८७३ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संस्थेच्या समितीने सेंटीमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धत धरली आणि डाइन, अर्ग ही नावं सुचवली. विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्व्हिन) आणि मॅक्सवेल समितीत होते. अर्ग हे ग्रीक 'एर्गोन'वरून, अर्थ काम. सेंटीमीटर आणि ग्रॅम धरायचं एक मोठं कारण म्हणजे मग पाण्याची घनता बरोब्बर १ येते.

पण या पद्धतीत विजेची एककं व्यवहाराला फार गैरसोयीची निघाली. व्होल्टचं मूळ एकक इतकं बारीक की साध्या बॅटरीला कोट्यवधींत मोजावं लागेल. तारखात्याच्या लोकांना ते परवडेना. म्हणून ठरवून ठेवलं की व्यवहारातला व्होल्ट म्हणजे मूळ एककाच्या १०^८ पट आणि अँपिअर म्हणजे मूळ एककाचा दहावा हिस्सा. व्होल्ट गुणिले अँपिअर किती झाले? १०^७ अर्ग दर सेकंद. तोच वॉट, आणि वॉट-सेकंद म्हणजे ज्यूल. वॉट आणि ज्यूल ही नावं विल्यम सीमेन्स या इंजिनिअरने १८८२ मध्ये सुचवली. तेव्हा १०^७ आला तो व्होल्ट आणि अँपिअरच्या निवडीतून, ज्यूलसाठी कोणी मुद्दाम शोधला नाही.

मग १९०१ मध्ये इटलीच्या जॉर्जी नावाच्या इंजिनिअरच्या लक्षात आलं की सेंटीमीटर-ग्रॅम सोडून मीटर-किलोग्रॅम धरले तर कामाचं एकक आपोआप १०^७ अर्ग होतं (किलोचे १०^३, मीटरच्या वर्गाचे १०^४). म्हणजे विजेचा ज्यूल आणि यंत्राचा ज्यूल एकच. आजच्या एसआयचं बीज ते. अँपिअर मात्र जुनाच ठेवला, म्हणून तो १०^७ कुठेतरी मुरवणं भाग होतं. तो म्यू-शून्यात जाऊन बसला.

लसावि

सर, मस्त. एक पुरवणी: २० मे २०१९ पासून म्यू-शून्य नेमका ४ पाय × १०^-७ राहिलेला नाही, तो आता मोजून काढतात. फरक इतका बारीक की ताईंच्या गच्चीपर्यंत पोचणार नाही.

खोदडची_वाट

'कवटाळून का बसलेत' याचं उत्तर मी देतो, कारण मी कवटाळणाऱ्यांपैकीच. सवय, दुसरं काही नाही, असं म्हणून मोकळं होता येईल. आम्हा खगोलशास्त्रवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्वतः एसआय वापरा म्हणते आणि आम्ही ऐकत नाही. पण सवयीला आधार आहे. गॉसच्या पद्धतीत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र एकाच एककात येतात, म्यू-शून्य आणि त्याचा विजेतला भाऊ एप्सिलॉन-शून्य सूत्रांत लुडबुडत नाहीत. शिवाय शंभर वर्षांचे तक्ते अर्गमध्ये आहेत. सूर्याची तेजस्विता ३.८३ × १०^३३ अर्ग दर सेकंद हा आकडा मला झोपेत विचारा. ज्यूलमधला मलाही मनात भागून सांगावा लागतो.

अर्ग ताऱ्यांना शोभतो असं मात्र नाही, फार किरकोळ चीज आहे. एक मिलीग्रॅम वजन एक सेंटीमीटर उचललं की जवळपास एक अर्ग काम. खसखशीचे दोन-तीन दाणे बोटावर घेऊन नखाएवढं वर करा, झाला अर्ग. आणि असल्या खसखशीत आम्ही तारा फुटल्याचं मोजतो: सुपरनोव्हाच्या स्फोटात बाहेर उधळणाऱ्या द्रव्याची ऊर्जा साधारण १०^५१ अर्ग. हा आकडा इतक्यांदा लागतो की त्याला 'फो' असं नावच पडलं, 'फिफ्टी-वन अर्ग्ज' या शब्दांची इंग्रजी आद्याक्षरं जोडून.

मोटरवाइंडर

अवांतर: आमच्या वर्कशॉपमध्ये निओडिमियमची चुंबकं येतात, एन-३५, एन-५२ वगैरे. इतकी वर्षं वाटायचं हा कंपनीचा माल नंबर. हा धागा वाचून शोधलं, तो ३५ म्हणजे मेगा-गॉस-ओर्स्टेड (चुंबकाच्या ऊर्जेचं एकक) निघाला. हे पण त्याच घराण्यातलं का?

जुना_मास्तर

@मोटरवाइंडर, सख्खं. एक मेगा-गॉस-ओर्स्टेड म्हणजे घनमीटरला सुमारे ७.९६ किलोज्यूल. तुमचा एन-३५ साधारण २८० किलोज्यूल दर घनमीटर. आणि हो, मध्ये ४ पायने भागावं लागतं, नाहीतर ताईंसारखी फसगत होईल.

रेडिओथेरपी_तंत्रज्ञ

आमच्याकडे जुन्या फायलींत किरणांची मात्रा 'रॅड'मध्ये सापडते. १ रॅड म्हणजे ग्रॅममागे १०० अर्ग. आताचा ग्रे म्हणजे किलोमागे १ ज्यूल, १०० रॅडचा १ ग्रे. इथे शंभराची चूक म्हणजे माणसाच्या जिवाशी गाठ, म्हणून आम्ही एकक मोठ्याने वाचतो, नवीन पोरं हसली तरी.

वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

हिशोबवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारची पाटी अशी लिहिली आहे, कोणीतरी नजर घाला:

मोठी सौर ज्वाला: १०^३२ अर्ग = १०^२५ ज्यूल. वीजबिलाचं एक युनिट ३६ लाख ज्यूल, म्हणून साधारण २.८ × १०^१८ युनिटं. आणि सूर्य स्वतः सेकंदाला ३.८३ × १०^२६ ज्यूल टाकतो. म्हणजे एवढी मोठी ज्वाला सूर्याच्या सेकंदाच्या चाळिसाव्या भागाच्या कमाईएवढी?? यात शून्य चुकलंय का माझं?

खोदडची_वाट

चुकलेलं नाही. ०.०२६ सेकंद. सूर्याच्या दृष्टीने ती चिल्लरच, फक्त ती एका डागाजवळून निघते आणि तिच्यामुळे सूर्याचे क्ष-किरण एकदम कैक पट वाढतात, म्हणून आपल्या उपग्रहांना आणि रेडिओला जड जाते. कॅरिंग्टन या इंग्रज खगोल निरीक्षकाने १ सप्टेंबर १८५९ ला नुसत्या पांढऱ्या उजेडात ज्वाला पाहिली ती मात्र फारच मोठी होती.

आता परीक्षा. ज्वालांची प्रतवारी क्ष-किरणांवरून करतात. एक्स-१ वर्गाची ज्वाला म्हणजे पृथ्वीपाशी १०^-४ वॉट दर चौ. मीटर. भाच्याच्या वहीत हे कितीला असेल?

हिशोबवाली

आता हजाराने गुणायचं. १०^-१. म्हणजे ०.१ अर्ग, दर सेकंद, दर चौ. सेंमी. एकक मोठ्याने वाचलं, घरचे बघायला लागले.

खोदडची_वाट

पास. रविवारी किती वाजता?

हिशोबवाली

सूर्यावर बोलणार आणि कार्यक्रम रात्री साडेआठला, हसू नका. आधीच्या वक्त्याला गुरू दाखवायचा आहे.